सगळं बंद, तरी चकती चालू

मित्रांनो, जरा मान वर करून बघा. काचेच्या आत एक चकती गरगर फिरते आहे ना, तिच्या कडेला काळी खूण आहे ना, तोच मी. मी एक जुना वीजमीटर. मला बोलता येत नाही. आयुष्यभर मी फक्त फिरलो. कुणी दिवा लावला की हळू फिरलो, इस्त्री लावली की सुसाट फिरलो. पण एकदा माझ्या या फिरण्यानं एका माणसाचा जीव वाचला. तो दिवस आठवला की आजसुद्धा माझी चकती जागच्या जागी थरथरते!

मी जन्मलो एका मोठ्या कारखान्यात. तिथं जाड भिंगांचा चष्मा लावणाऱ्या एक बाई आम्हा मीटरांची परीक्षा घ्यायच्या. त्या आमच्यातून वीज सोडायच्या आणि चकतीकडे टक लावून बघायच्या. माझी चकती आधी थोडी जोरात पळत होती. त्यांनी आतला बारीकसा स्क्रू फिरवला, पुन्हा पाहिलं, पुन्हा फिरवला. मग माझ्या काचेवर टिचकी मारून म्हणाल्या, "आता कसं शहाण्यासारखं! खोटं बोलायचं नाही हं कधी." मला सील लागलं आणि मी खोक्यात बसून जगात निघालो.

मला एका घराच्या जिन्याखाली बसवलं. शेजारी चपलांची फळी आणि समोर दरवाजा. वरच्या मजल्यावर पाच जणं राहायची. गुंडीची आई शिवणकामाच्या दुकानात शर्टांना गुंड्या-काजं करायची, म्हणून लेकीला सगळे गुंडीच म्हणत. तिचे बाबा छापखान्यात होते. तिचे आजोबा पूर्वी बँडमध्ये कर्णा वाजवायचे. त्यांना घरात लहानथोर सगळे अण्णा म्हणत.

सुरुवातीला माझं काय कौतुक झालं म्हणून सांगू! गुंडी तेव्हा रांगत होती. तिला कडेवर घेऊन आजी रोज माझ्यासमोर उभी राहायची. "बघ बघ, चाक कसं फिरतंय!" म्हणायची, आणि गुंडी काचेला लाळेचे हात लावायची. पण नव्याचे नऊ दिवस. पुढे माझ्यावर धूळ साचली, एका कोळ्यानं माझ्या डोक्यावर बिऱ्हाड थाटलं आणि कुणीतरी माझ्या खिळ्याला छत्री अडकवून ठेवली.

मग आजी वारली. घर दिवसभर रिकामं राहू लागलं. आई दुकानात, बाबा छापखान्यात, गुंडी शाळेत. अण्णा एकटेच. ते सकाळी टीव्ही लावायचे आणि खिडकीकडे तोंड करून बसायचे. टीव्हीकडे त्यांची पाठच असायची. बातम्या असोत, फुटबॉल असो, नाहीतर साबणाची जाहिरात, त्यांना काही फरक पडत नसे.

एक दिवस मीटरचं रीडिंग घेणाऱ्या बाई आल्या. त्यांनी छत्री बाजूला केली, कोळ्याला फुंकर मारली आणि माझ्याकडे बघून भुवया उंचावल्या.

"काय हो, वर कारखाना काढलात की काय? आजूबाजूच्या घरांपेक्षा तुमची चकती फारच पळते!"

बाबा नेमके दारात होते. ते तडक वर गेले. जिन्यातून मला सगळं ऐकू आलं.

"अण्णा, किती वेळा सांगितलं तुम्हाला? बघायचा नसेल तर टीव्ही बंद करावा माणसानं. सकाळपासून संध्याकाळपर्यंत नुसता चालू!"

"अरे, घरात कुणीतरी बोलत असलं की बरं वाटतं," अण्णा हळूच म्हणाले.

"पण भिंतीला ऐकवायला वीज जाळायची का?"

अण्णांनी टीव्ही बंद केला. दुसऱ्या दिवशी लावला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. माझी चकती जेमतेम एक केसभर मंदावली असेल. पण वर जी शांतता पसरली, ती मला जिन्याखाली जाणवायची. अण्णांचं जेवण कमी झालं. गुंडी शाळेतून आली की ते विचारायचे, "आलीस? बोल काहीतरी." मित्रांनो, मला ओरडून सांगायचं होतं, 'चोर सोडून संन्याशाला फाशी देताय! खरा चोर दुसराच आहे!' पण मीटरला तोंड कुठं असतं? मी फिरत राहिलो. दुपारी अण्णा एकटेच पेंगत असताना फिरलो, पहाटे सगळे झोपलेले असताना फिरलो. ये रे कुणीतरी, बघ रे माझ्याकडे!

पुढच्या खेपेला रीडिंगच्या बाई आल्या तो सुट्टीचा दिवस होता. दार गुंडीच्या आईनं उघडलं.

"अजून तशीच पळते हो तुमची चकती," बाई म्हणाल्या.

"पण आमचा टीव्ही तर केव्हाचा बंद आहे!"

"मग एकेक वस्तू लावून बघा ना. मीटर समोरच आहे, त्यालाच विचारा." आणि बाई पुढच्या घरी निघून गेल्या.

त्यालाच विचारा! इतक्या वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी माझं नाव घेतलं होतं!

आईनं पदर खोचला. "गुंडे, स्टूल घे आणि मीटरसमोर बस. चकती कशी फिरते ते ओरडून सांगायचं. अहो, तुम्ही स्वयंपाकघरात उभे राहा. अण्णा, तुम्ही टीव्हीपाशी. आज या घराची उलटतपासणी!"

काय तो गोंधळ! जिन्याच्या वर आई, खाली गुंडी, आणि मधे नुसता आरडाओरडा.

"इस्त्री लावली!"

"आई गं! काळी खूण दिसेनाशीच झाली! भोवऱ्यासारखी पळतेय!"

"बंद केली. आता गीझर!"

"बाप रे, ही तर इस्त्रीच्याही वर!"

"फ्रीज!"

"पळतेय, पण दमानं. आता जरा हळू झाली. आता परत जोरात!"

"परत जोरात कशी होईल? मी काही केलं नाही," बाबा म्हणाले.

"अहो, तुम्ही फ्रीजचं दार उघडं टाकून उभे आहात, मग काय होणार?" आई म्हणाली, आणि अण्णा कितीतरी दिवसांनी खळखळून हसले.

मी तर नुसता रंगात आलो होतो. म्हणाल तसा नाचत होतो! शेवटी आई म्हणाली, "आता घरातलं सगळं बंद. फ्रीजचीसुद्धा पिन काढा. फक्त टीव्ही ठेवायचा."

अण्णांनी टीव्ही लावला. गुंडीनं नाक काचेला टेकवलं.

"फिरतेय. सावकाश, पण फिरतेय."

"बघा!" बाबांनी टाळी वाजवली. "मी म्हणत नव्हतो? टीव्हीच!"

अण्णांची मान खाली गेली. "बरोबर आहे रे बाबा तुझं. बंद करतो."

खटकन आवाज आला. टीव्ही गप्प झाला. सगळे गुंडीच्या आवाजाची वाट बघू लागले. गुंडी काही बोलेना.

"काय गं? थांबली ना चकती?" बाबांनी विचारलं.

"नाही."

"म्हणजे?"

"बाबा, सगळं बंद आहे आणि तरी ती फिरतेय! टीव्ही होता तेव्हा फिरत होती, जवळजवळ तशीच!"

तिघंही धडाधड जिना उतरून आले. माझ्यासमोर एवढी माणसं मला बसवलं त्या दिवसानंतर मी बघितली नव्हती. काळी खूण समोर आली, हळूहळू डावीकडून उजवीकडे गेली, दिसेनाशी झाली. थोड्या वेळानं पुन्हा समोर. बाबांचा चेहरा तोंडात मारल्यासारखा झाला.

"मग वीज खातंय कोण?" अण्णा म्हणाले.

बाबा फ्यूजकडे हात नेऊ लागले. आईनं त्यांचं मनगट धरलं. "हात लावायचा नाही. हे आपलं काम नव्हे. वायरमनला बोलवा."

वायरमन कोपऱ्यावरच राहायचा. हातातला चहा अर्धा टाकून आला. त्यानं माझ्याकडे पाहिलं, मेन स्विच खाली केला. मी थांबलो. वर केला. मी फिरू लागलो. "मीटर ठणठणीत आहे. वीज तुमच्याच घरात कुठंतरी गळतेय," तो म्हणाला. मग दरवेळी मेन स्विच पाडून तो एकेक फ्यूज काढून बघू लागला. खोलीचा काढला, चकती चालूच. स्वयंपाकघराचा काढला, चालूच. तिसरा काढला आणि मी गपकन थांबलो. त्यानं खात्रीसाठी तो परत लावला. मी परत फिरलो.

"ही लाइन कुठली? गीझरची?"

"हो, बाथरूमची."

वायरमनचा आवाज एकदम बदलला. "बाथरूममध्ये आत्ता कुणी नाही ना?"

आईनं मागं वळून पाहिलं. गुंडी होती, बाबा होते. अण्णा नव्हते. टीव्हीमागची धूळ लागलेले हात धुवायला ते नुकतेच वर गेले होते. वरून पाण्याचा आवाज येत होता.

"अण्णा!" आई किंचाळली, आणि वायरमननं हात वर नेण्याआधीच तिनं माझ्या शेजारचा मेन स्विच सगळा जोर लावून खाली खेचला.

मी थांबलो. इतक्या आनंदानं मी आयुष्यात कधी थांबलो नव्हतो!

जिन्यावर पावलं वाजली. साबणानं माखलेले हात पुढे धरून अण्णा उतरत होते. "अरे, काय चाललंय काय? बाथरूममध्ये अंधार केलात. नळ तरी सापडू द्या माणसाला!"

बाबा खालीच पायरीवर बसले. वायरमननं विचारलं, "आजोबा, नळाला हात लावल्यावर कधी काही जाणवतं का?"

"मुंग्या येतात थोड्या," अण्णा म्हणाले. "बरेच दिवस झाले. म्हटलं, वय झालं, होणारच. सांगून कशाला घाबरवायचं सगळ्यांना?"

वायरमननं भिंत फोडली. आत पाणी झिरपून ओल आली होती आणि गीझरकडे जाणाऱ्या तारेचं आवरण भुगा होऊन गेलं होतं. वीज ओल्या भिंतीतून नळापर्यंत पोचत होती. "ओल आणखी वाढली असती, तर मुंग्यांवर भागलं नसतं," तो एवढंच म्हणाला. त्यानं नवी तार टाकली, नळाला अर्थिंग दिलं आणि गळती झाली की आपोआप वीज तोडणारा एक स्विच माझ्या शेजारी बसवला.

काम झाल्यावर आईनं पुन्हा सगळं बंद करायला लावलं. गुंडी स्टुलावर. "थांबली! आई, पूर्ण थांबली!" ती टाळ्या पिटत नाचू लागली. मग बाबा वर गेले. त्यांनी स्वतःच्या हातानं टीव्ही लावला आणि अण्णांशेजारी बसले.

"अण्णा, चुकलो मी."

"असू दे रे. आवाज वाढवू का थोडा?"

"वाढवा!"

त्या दिवसापासून माझी छत्री गेली आणि कोळ्यालाही घर सोडावं लागलं. गुंडी येता-जाता माझ्यात डोकावू लागली. घरात इस्त्री रोज न लावता सगळे कपडे एकदम होऊ लागले. अंघोळी झाल्या की गीझर बंद. फ्रीजच्या दाराचं फाटलेलं रबर बदललं. बाबांना तर वेडच लागलं. शेजाऱ्यांना ओढून आणून म्हणायचे, "चला, तुमच्या मीटरचंही तोंड बघू!" पुढच्या खेपेला रीडिंगच्या बाई आल्या आणि हसून म्हणाल्या, "कारखाना बंद पडला वाटतं!"

पुढे माझं वय झालं. माझ्या जागी आकडे दाखवणारा नवा मीटर आला. मला पोत्यात घालून एका गोदामात टाकलं. तिथं मी किती काळ पडून होतो ते मला ठाऊक नाही. वीज नाही म्हणजे फिरणं नाही, आणि फिरणं नाही म्हणजे मला काळच कळत नाही. तेवढं दुःख मात्र भोगलं मी. मग वायरमन तयार करणाऱ्या या शाळेच्या बाईंनी मला पोत्यातून काढलं, पुसलं आणि तुमच्यासारखी मुलं बघायला येतात त्या या फळीवर बसवलं. शेजारी नवा मीटरही आहे. त्याला चकती नाही, एक लाल दिवा लुकलुकतो. वीज जास्त खर्च झाली की भराभर लुकलुकतो. काम मात्र आम्हा दोघांचं एकच.

म्हणून मित्रांनो, माझं एवढं ऐका. अंधारात बसा, पंखा लावू नका, असं मी म्हणणार नाही. वीज माणसांसाठीच आहे. पण आज घरी गेलात की मोठ्यांना सोबत घ्या, सगळं बंद करा आणि तुमच्या मीटरसमोर थोडा वेळ उभे राहा. हात लावू नका, नुसतं बघा. तो थांबला तर टाळ्या वाजवा. नाही थांबला, तर धावत जाऊन घरच्यांना सांगा, "आपला मीटर काहीतरी बोलतोय!" आणि कुणी हसलं, तरी सांगतच राहा.