जनरेटर बंद करण्याआधी

वीज आली म्हणून सगळी नगरपालिका नाचत होती आणि मी मात्र जनरेटर अजून चालू आहे ना, ते कान देऊन ऐकत होते.

पुरातून काढलेली आमच्या गावची माणसं शाळाशाळांच्या हॉलमध्ये विखुरली होती. कोण कुठे आहे हे शोधायची सोय स्त्राहिन्या आणि मी मिळून घाईघाईत केली होती. प्रोग्राम एका जुन्या लॅपटॉपवर चालायचा. त्याची बॅटरी केव्हाच मेलेली, सगळी भिस्त अंगणातल्या जनरेटरवर. आज सकाळी कोड चाळताना मला ती ओळ दिसली. डेटाबेस फाइलमध्ये नाही, नुसता मेमरीत तयार होत होता. स्त्राहिन्याने चाचणीपुरतं केलेलं तसंच राहिलं होतं.

"गाढवा, लॅपटॉप बंद पडला की सगळी माणसं पुसली जातील."

"पण एकदाही एरर आली नाही गं," तो म्हणाला. त्याचा चेहरा पडला होता.

येणार कशी? टेबलं आम्ही हाताने करतच नाही. माणूस म्हणजे नाव, गाव, हॉल, एवढं कोडमध्ये लिहायचं. प्रोग्राम सुरू होताना टेबलं आपोआप उभी राहतात. कुठे उभी राहतात ते कोण बघतो. आणि प्रत काढायची सोय आम्ही केलीच नव्हती. पडद्यावर दिसेल तेवढंच आमचं.

तेवढ्यात जनरेटर सांभाळणारे क्रस्मान मिस्त्री दारात आले. "जनरेटर बंद करतोय. डिझेल इस्पितळाच्या पंपाला न्यायचंय."

"काका, जरा थांबा ना."

"पोरी, तिथे अजून वीज नाही, तळघरात पाणी चढतंय." त्यांच्यावर चिडायचीही सोय नव्हती. माझ्या तोंडाकडे बघून ते म्हणाले, "एक सिगरेट ओढतो. मग नाही थांबणार."

स्त्राहिन्या पानं पुढे सरकवत होता, मी मोबाइलवर पडद्याचे फोटो काढत होते.

"हळू. हलतोय फोटो."

"तुझाच हात हलतोय."

शेवटचं पान निघालं आणि पडदा काळा झाला.

गावची वीज जोडल्यावर प्रोग्राम बिनतक्रार सुरू झाला. कोरी टेबलं, माणूस एकही नाही. संतापाने मला रडूच आलं.

स्त्राहिन्याने ती ओळ बदलून डेटाबेस फाइलमध्ये नेला आणि फोटो बघून नावं भरायला बसला. पहिलं नाव त्याच्या आजीचं घातलं: दारिंका, कृषी शाळेचा हॉल. या प्रोग्रामपायी तो अजून तिला भेटायलाही गेला नव्हता.

"आता प्लग काढ," मी म्हटलं.

"मी?"

"तूच."

त्याने काढला. पुन्हा लावला, प्रोग्राम सुरू केला, शोधायला आजीचं नाव टाइप केलं आणि पडद्याकडे न बघता माझ्याकडे बघत राहिला.

"आहे," मी म्हटलं.

"पुन्हा काढून बघू?"

"बघ."