पावलभर अलीकडे

“मामा, घड्याळ लावलं होतंस ना?” भाचीने धापा टाकत विचारलं.

“लावलं होतं. कालच्यापेक्षाही कमी वेळ लागला.”

ती खुदकन हसली आणि मामाचा दिवस सोन्याचा झाला. दिवसभर कचेरीत शिक्के मारणाऱ्या या माणसाला दुसरं सुख तरी काय होतं? बहीण गेल्यापासून पोर त्याच्याच घरी वाढली आणि हर्डल्सचं, अडथळ्यांच्या शर्यतीचं वेड त्यानेच तिच्या डोक्यात भरवलं. पुढच्या वर्षी ती वयोगटात बसणार नव्हती. संघात जायची ही शेवटची संधी.

मोसमाच्या सुरुवातीला ती दोन हर्डलांच्या मध्ये रेंगाळायची. पाय भराभर पडायची सवय लागावी म्हणून मामाने तिला न सांगता हर्डल्स पावलभर अलीकडे ओढून मधलं अंतर कमी केलं. थोडे दिवस असं करतात, मग पुन्हा मूळ जागी न्यायचे असतात, हे त्याला ठाऊक होतं. एकदा नेलेही. त्या दिवशी वेळ जास्त लागला, पोरीचं तोंड एवढंसं झालं, घरी येऊन ती जेवली नाही. दुसऱ्या दिवशी तिच्याआधी मैदानावर जाऊन त्याने ते गुपचूप परत अलीकडे ओढले. मैदान मातीचं, चुन्याच्या खुणाही त्याच्याच हातच्या. आज नेऊ, उद्या नेऊ म्हणता म्हणता निवड चाचणी येऊन ठेपली.

चाचणीत पहिला हर्डल तिने झकास ओलांडला. दुसऱ्याला पाय ताणावा लागला. तिसऱ्यापर्यंत पाऊल पोचलंच नाही. हर्डलसकट ती आपटली. बाकीच्या मुली पुढे निघून गेल्या.

मामा धावत गेला. ती गुडघ्याची माती झटकत होती. रडत नव्हती, म्हणून त्याला जास्तच भीती वाटली.

“यांनी लांब मांडलेत मामा. तू तक्रार कर ना.”

हो म्हणणं सोपं होतं. पंचांच्या नावाने बोटं मोडली असती की भागलं असतं.

“लांब नाहीत गं,” तो म्हणाला. “मीच जवळ मांडत होतो.”

“का?”

“तू खूश व्हायचीस.”

ती त्याच्याकडे बघत राहिली. “म्हणजे माझा वेग वाढलाच नव्हता?”

मामाला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पुढच्या शर्यतीच्या मुली येऊन उभ्या राहिल्या होत्या. पंचाने आडवा पडलेला हर्डल उचलायची खूण केली. मामा वाकला, तशी ती लंगडत मध्ये आली.

“राहू दे. मी ठेवते.”

तिने हर्डल उभा केला, त्याचे पाय रेषेवर नीट बसलेत का ते हाताने चाचपून पाहिलं आणि त्याच्याकडे न बघता ती मैदानाबाहेर गेली.