थापांच्या घोंगडीला भरलेली धडकी

मी घोंगडी बोलतेय. काळी, जाड, अंगाला टोचणारी. गेल्या धुळवडीपासून कुणी माझ्यावर बसायचं नुसतं नाव काढलं की माझा धागा न् धागा थरथरतो.

संभाजीनगरहून येताना शेंद्र्याच्या अलीकडं आमचं गाव. कडूबाच्या बापानं आपल्याच मेंढरांची लोकर देऊन मला विणून घेतलं. चिंचोक्याची खळ लावली तेव्हा मी फळीसारखी ताठ होते. कडूबा तान्हा होता, त्याला माझ्यातच गुंडाळत. मोठा झाल्यावर तो मेंढरामागं हिंडला, त्याच्या खांद्यावर मीही हिंडले. पुढं रानात कंपन्या आल्या, मेंढरं विकली, अन् मी माळ्यावर लोकर कुरतडणाऱ्या कसरीच्या तोंडी पडले.

वर्षातून एकदा मात्र मला मान. धुळवडीला शाळेपुढच्या निंबाखाली थापांची शर्यत लागते. थाप मारणारा माझ्यावर बसतो. तो काय बी बोलो, समोरच्यांनी ‘व्हय’ म्हणायचं. ज्याच्या तोंडून ‘नाय’ निघालं, त्यानं साऱ्या गावाला चहा पाजायचा. अन् बसणाऱ्याला खरं बोलायचं असलं, तर त्यानं आधी माझ्यावरून खाली उतरायचं. हा नेम लोकांनी देवाच्या नेमासारखा पाळला, तोच जिवावर बेतला.

गेल्या वर्षी कडूबा बसला. म्हणाला, “माझी मेंढी उडाली.”

“व्हय!”

“उडत गेली ती दौलताबादच्या किल्ल्यावर. तिथल्या मेंढा तोफेशी तिची सोयरीक जमली.”

“व्हय! पण मामा, हुंडा कुणी दिला?” त्याचा भाचा अजिनाथ ओरडला.

“तुझ्या लग्नात उरला होता, तोच दिला की येड्या! मग वरात निघाली, तोफ उडाली...”

एवढं बोलून कडूबा थांबला.

आधी कळलं ते मला. त्याचा घाम माझ्यात झिरपला. उन्हाचा घाम मला ठाऊक आहे, तो कोमट असतो. हा गार होता, विहिरीच्या तळासारखा.

“छातीत कळ आली,” तो म्हणाला.

“व्हय!”

“दम कोंडतोय रे. खरंच सांगतो.”

“व्हय, व्हय!” अजिनाथ हसून हसून वाकला. “तोफ मामालाच लागली बघा!”

मला कुठं तोंड आहे? उतर रे लेकरा, उतर, असं मी आतल्या आत ओरडत होते. त्याच्यात उतरायचं बळ नव्हतं. लोक टाळ्या पिटत होते. वाटलं, हा माझ्यावरच मरणार अन् हे त्यालाही ‘व्हय’ म्हणणार.

त्याची बायको सखूबाई बायांमध्ये बसून हसत होती. थाप मारताना कडूबा दर वेळी तिच्याकडं चोरून बघतो. आता बघेना. तिचं हसू तिथंच विझलं. ती धावत आली.

“अहो, खाली उतरा!”

त्याचे नुसते ओठ हलले. तशी तिनं माझा पदर धरला अन् असा हिसका दिला, की कडूबा मातीत अन् मी पार निंबाच्या मुळाशी.

“आता म्हणा की व्हय, मेल्यांनो! मातीवर पडलाय माणूस!”

“दुखतंय,” कडूबा मातीवरून बोलला.

कुणी ‘व्हय’ म्हणालं नाही. अजिनाथ गाडीकडं पळाला. कडूबाला उचलून संभाजीनगरला दवाखान्यात नेलं. मी रंगात, धुळीत तशीच पडून. तो जगला का गेला, घोंगडीला कोण सांगणार? तो वाळून काटकी होऊन घरी आला, तेव्हा कुठं मला कळलं.

उद्या पुन्हा धुळवड. मला झटकून उन्हात टाकलंय. कडूबा म्हणतो, “औंदा बी मीच बसणार. मेंढीचं लगीन अर्धंच राहिलंय.”

“बसा की,” सखूबाई म्हणाली. “पण घोंगडीचा पदर माझ्या हातात राहील.”

तो हसला. ती हसली नाही.

मला लई भ्या वाटतंय. बाबांनो, उद्या पोट धरून हसा, खुशाल व्हय म्हणा. पण हसताना त्याच्या तोंडाकडं बघत राहा. अन् सखूबाईनं हिसका द्यायच्या आधी तुमच्यातल्या कुणीतरी द्या. मी चिखलात पडले तरी चालेल.