वॉरंटीतला लाल ठिपका

सासूला बरोबर घेऊन सर्व्हिस सेंटरला जायचं माझ्या डोक्यातही नव्हतं. पण मी तळेगावला निघाले, तर नंदाबाई, म्हणजे आमच्या आई, चपला घालून दारात हजर. म्हणाल्या, "एकटी गेलीस तर गुंडाळतील तुला." मी लोणावळ्याजवळ कुसगावच्या एका हॉटेलात रिसेप्शनला बसते. गरम पाण्यावरून, खिडकीतून दिसणाऱ्या आणि न दिसणाऱ्या डोंगरावरून पाहुणे भांडतात, ते मी मिटवते. मला कोण गुंडाळणार? पण घरात या कामाची किंमत शून्य. मी रोज नटूनथटून कुठंतरी बसायला जाते, असाच सगळ्यांचा समज. निदान माझा तरी तसा समज होता.

फोन मात्र माझा होता. आमच्या घरात कपाट सामाईक, कंगवा सामाईक, टॉवेलसुद्धा सामाईक. हा एक फोन मी स्वतःच्या पगारातून दसऱ्याच्या तोंडावर घेतला आणि त्याला कुणी बोट लावलेलं मला खपत नसे. दिवाळी झाली आणि त्याची स्क्रीन आपोआप काळी पडायला लागली. त्या मॉडेलमध्ये तो दोषच होता. कंपनीनं तसं मान्यही केलं होतं आणि वॉरंटीत फोन बदलून मिळत होता. बुकिंग, पाहुण्यांचे मेसेज, ड्यूटीतले बदल, माझं सगळं त्या फोनवर चालायचं. तो बदलून मिळाला नाही तर काम अडणार, आणि घरी बोलणी खावी लागणार ती वेगळीच.

काउंटरवर गौरव नावाचा टाय लावलेला मुलगा होता. त्यानं आमच्यासमोर फोनची पाठ उघडली, आत भिंग धरलं आणि कुणी गेल्याची बातमी सांगावी तसा म्हणाला, "मॅडम, लिक्विड डॅमेज."

मग त्यानं समजावून सांगितलं. चार्जिंगच्या भोकाच्या आत एक बारीक पांढरी पट्टी असते. पाणी लागलं की ती लाल होते. पांढरी असेल तर वॉरंटी, लाल झाली तर वॉरंटी संपली. आमची लाल होती.

माझं डोकंच फिरलं. आमच्याकडे पावसाळ्यात पापड ताटात येईपर्यंत मऊ पडतो, हे मान्य. पण हा फोन मी पाऊस गेल्यावर घेतलेला. "या फोननं पाणी बघितलेलंसुद्धा नाही," मी म्हणाले.

"सगळे तसंच म्हणतात, मॅडम. काल एकांच्या फोनमधून शेवाळ निघालं. तेही तसंच म्हणत होते."

"बघू दी," म्हणत आईंनी त्याच्या हातातलं भिंग घेतलं. एक डोळा मिटून बराच वेळ आत बघितलं. मग म्हणाल्या, "हे पाणी न्हाई. कुंकू हाय."

"काय?"

"कुंकू. मीच लावलंय. खंडेनवमीला."

खंडेनवमीला आमच्याकडे विळा, कोयता, पहार, फवारणीचा पंप, ट्रॅक्टरची चावी, सगळं मांडून पूजा होते. मी अंघोळीला गेले होते तेवढ्यात माझा फोनही त्या रांगेत जाऊन बसला होता.

"काचंवर लावलं असतं तर ही बोंबलली असती," आई गौरवला सांगत होत्या, "म्हणून त्याच्या तोंडाला लावलं."

"कुठल्या तोंडाला, मावशी?"

"जितनं ते चार्जिंग खातंय, तितं. आन् पाणी न्हाई शिपडलं. फोनला पाणी चालत न्हाई, एवढं कळतं मला."

मी तापले होते. "पण माझा फोन पूजेत ठेवलाच कशाला तुम्ही?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. अगदी साधी गोष्ट न कळणाऱ्या माणसाकडे बघतात तसं. "तू त्याच्यावर काम करतीस न्हवं? मग तुझं हत्यार हाय ते. हत्याराला नगं लावायला?"

कोयत्याच्या आणि पहारीच्या शेजारी माझा फोन, आणि त्याच्याबरोबर माझं काम, जे घरात कुणाच्या लक्षातही येत नाही असं मला वाटत होतं.

गौरव म्हणाला, "सिस्टीममध्ये पांढरा आणि लाल, दोनच पर्याय आहेत. कुंकू नाही." तरी तो भला मुलगा. आतून इंजिनिअरला बोलावतो, कोरड्या ब्रशनं झाडून बघू, खाली पांढरं निघालं तर फोन बदलून देऊ, म्हणाला. "तोवर हात लावू नका," असं बजावून तो आत गेला.

कपाळावरचं कुंकू पसरलं की आमच्या बायका काय करतात? बोटाचं टोक जिभेला लावायचं आणि पुसून टाकायचं. आईंनी आयुष्यभर हेच केलंय. स्वतःच्या कपाळाला, माझ्या कपाळाला, हळदीकुंकवाला आलेल्या शेजारणीच्या कपाळालाही. मी "अहो, थांबा" म्हणेपर्यंत त्यांचं बोट फोनमध्ये फिरून आलं होतं.

"बघ! पांढरं!"

खरंच पांढरं होतं. आम्ही दोघी वाकून बघत राहिलो. मग पट्टीची एक कड गुलाबी झाली, आणि बघता बघता सगळी पट्टी लालभडक झाली.

इंजिनिअर प्रदीप ब्रश घेऊन आला. आत बघितलं आणि ब्रश परत खिशात ठेवला.

"कशानं पुसलंत?"

आईंनी बोट दाखवलं. "जराशी थुकी लावली."

"थुंकी लिक्विडमध्येच येते, मावशी."

आई मटकन खुर्चीत बसल्या. भावकीच्या भांडणात एक पाऊल मागं न सरणारी ही बाई, तिचा चेहरा पांढराफटक पडला. "कोमल, मी तुझं वाटोळं केलं गं." एरवी मी दुधावरच्या सायीवरून चिडते. त्या वेळी राग आलाच नाही. त्यांना तसं बसलेलं मला बघवेना.

गौरवनं कीबोर्ड जवळ ओढला. "फोनला ओल कुणाच्या हातून लागली, ते लिहावं लागतं."

"माझ्या," मी म्हणाले.

"खोटं बोलू नगं!" आई उठून उभ्या राहिल्या. "मी केलंय. नंदाबाई म्हणून लिव."

"फोन माझा आहे. माझं नाव लिहा."

"एकच नाव बसतं," गौरव म्हणाला आणि दोघींकडे आळीपाळीनं बघत राहिला.

आईंनी काउंटरवर दोन्ही हात टेकले. "आरं बाबा, काय लिवायचं ते लिव, पर हिला फोन दे. हिच्याबिगर त्या हाटेलाचं पान हालत न्हाई. घरी आली तरी पाव्हणं हिलाच फोन करत्यात. मी बघती ना रोज! जेवता जेवता उठती बिचारी. तिचं काम कसं चालंल सांग बरं?"

मला रडू फुटलं, तेही सर्व्हिस सेंटरच्या काउंटरवर, टोकन घेऊन बसलेल्या सगळ्या लोकांदेखत. गौरव घाबरला. त्यानं टिश्यूचा डबा पुढे सरकवला आणि म्हणाला, "मॅडम, रडू नका. स्क्रीन बदलून मिळेल. फक्त वॉरंटीत नाही."

त्याला वाटलं, मी फोनसाठी रडतेय. आईंनाही तेच वाटलं. लोणावळ्याला उतरेपर्यंत त्या माझी समजूत काढत होत्या, आणि मी त्यांना ती काढू दिली.