भिंतीवरचं बेट

ते बेट कुणाचं, हे आमच्या नगराध्यक्षांना एका सकाळीत कळलं. आमचा बोळ कुणाचा, हे मात्र दीड वर्षात कळलं नाही.

बोळ म्हणजे आमच्या दारापासून रस्त्यापर्यंतची वाट. तिच्या तोंडाशी पंक्चरकाकांचं सायकल दुरुस्तीचं दुकान. टायर ठेवायला जागा हवी म्हणून काकांनी बोळात भिंत घालून खोली वाढवली. तेव्हा बाबा धडधाकट होते. उरलेल्या फटीतून तिरके होऊन जायचे आणि जाता-येता काकांचा उद्धार करायचे. दोघांची जुनी गट्टी त्या भिंतीखाली गेली. दुकानाचं मागचं दार आमच्या अंगणात उघडायचं, तेही काकांनी आतून बंद केलं. मग बाबांना झटका आला, उजवी बाजू गेली आणि घरात चाकांची खुर्ची आली. खुर्ची काही तिरकी होत नाही.

"यांना रोज व्यायाम केंद्रात आणा," व्यायाम घेणाऱ्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "आत्ता हात-पाय हलले तर हलले. नंतर मी काही करू शकणार नाही." रोज आणा! उचलून न्यायला दोन दणकट माणसं लागतात. घरात मी, औषधाच्या दुकानात दिवसभर उभी राहणारी, आणि आई, जिचे गुडघे कधीच संपावर गेलेत.

बाबा आयुष्यभर बसचे कंडक्टर. झटक्यात सगळी वाचा गेली, फक्त दोन शब्द शिल्लक राहिले. "पुढे सरका." पाणी हवं असलं, पुढे सरका. चहा अगोड झाला, पुढे सरका. खिडकीतून ती भिंत दिसली की तिलाही तेच सांगायचे. भिंत काय ऐकते!

अध्यक्षसाहेब स्थळपाहणीला येऊन गेले होते, एकदा नाही, अनेकदा. स्थळपाहणी म्हणजे काय, तर रस्त्यात खुर्ची मांडायची, थंड प्यायचं, भिंतीकडे मान वाकडी करून बघायचं आणि "दोन्ही माणसं आपलीच" म्हणत उठायचं. दोन्ही माणसं आपलीच म्हणजे दोन्हीकडची मतं आपलीच, एवढं मलाही कळतं.

अशात कुठल्याशा समुद्रातल्या एका बेटावरून लांबच्या दोन देशांची जुंपली. बेटावर म्हणे खडक आहेत आणि पक्षी आहेत. राजधानीतले मोठे साहेब भाषणाच्या भरात बोलून गेले की बेट पूर्वेकडच्या देशाचं. झालं! आमच्या अध्यक्षांच्या अंगात वारं शिरलं. दुपारी मोर्चा, संध्याकाळी सभा, "इंचभरही देणार नाही!" अहो, तुमच्याकडे आहे काय द्यायला? विरोधी पुढाऱ्यांनी दुसऱ्याच दिवशी बेट पश्चिमेकडच्या देशाला देऊन टाकलं. कारण एकच, अध्यक्षांनी पूर्वेकडच्याला दिलं होतं.

अध्यक्षांना बेटाचा भलाथोरला नकाशा रंगवायला भिंत हवी होती. पंक्चरकाका पुढे झाले आणि हात जोडून म्हणाले, "साहेब, माझी घ्या." डोकं बघा माणसाचं! ज्या भिंतीवर साहेबांचं बेट, तिला हात लावणार कोण?

अनावरणाच्या दिवशी मी गर्दीत घुसून विचारलंच. "साहेब, बेटाचा निकाल लागला. आमच्या बोळाचा कधी?"

साहेब गोड हसले. "ताई, तो तुमचा आपसातला प्रश्न आहे. दुसऱ्यांच्या भांडणात पडायची आपली पद्धत नाही."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी कपाळावर हात मारून घेतला, दुसरं कुणाला मारणार होते? घरी बाबांचा उजवा हात मांडीवर ठेवला होता तसाच पडलेला होता. बोटं आत वळायला लागली होती. त्या बोटांकडे बघून मला रडू आलं आणि रडू आलं म्हणून आणखी संताप आला.

पुढच्या आठवड्यात विरोधकांनी बेटावर डांबर फेकलं. अध्यक्षांच्या माणसांनी पुन्हा रंगवलं. त्यांनी पुन्हा फेकलं. मग भिंतीला पोलीस बसवला, तो काकांच्याच स्टुलावर. दुकानासमोर दोन्हीकडची माणसं ठाण मांडून घोषणा द्यायची, त्यातून सायकल घेऊन येणार कोण? आलेल्या एका गिऱ्हाइकालाही विचारलं म्हणे, "तू कुठल्या बाजूचा?" तो बिचारा म्हणाला, "मागच्या चाकाचा." काकांनी स्वतःच्या हाताने पायावर धोंडा पाडून घेतला होता. खरं सांगते, मला आधी बरंच वाटलं.

मग एका सकाळी काका आमच्या दारात उभे. हात तेलाने काळे, तोंड एवढंसं.

"पोरी, हातोडा आहे का गं घरात?"

"तुमच्या दुकानात नाही?"

"आहे. पण उचलला की पोलीस विचारतो कशाला. पाडून टाकतो ती भिंत. मलाच नकोशी झालीय."

दीड वर्ष ज्यासाठी तोंडाला फेस आला, ते असं आपणहून दारात आलं. मी हातोडा घेतला आणि आम्ही दोघं निघालो. पोलिसाने दोघांना अडवलं. तेवढ्यात अध्यक्षसाहेबच आले, ताज्या रंगाची पाहणी करायला.

"साहेब, आमचं मिटलं," काका म्हणाले. "भिंत माझी, मीच पाडतो."

"तुमची कशी? ती आता जनतेची आहे."

"अहो, पण त्या दोन देशांनी मिटवलं की!" मी पेपर त्यांच्या नाकासमोर धरला. बातमी आतल्या पानावर, कोपऱ्यात होती. मासे दोघांनी मिळून धरायचे, पक्षी पक्ष्यांचे.

साहेबांनी पेपर घडी घालून परत दिला. "त्यांनी मिटवलं असेल. आम्ही मागे हटणार नाही."

काकांनी माझ्या दंडाला धरलं. "चल, मागचं दार उघडू."

दारामागे टायरांची चळत लागली होती. आम्ही दोघांनी ती उपसली, आईने अंगणातून दार ढकललं. काका बाबांच्या खुर्चीपुढे उकिडवे बसले. वर बघायची त्यांना लाज वाटत असावी, म्हणून चाक दाबून बघितलं. "हवा कमी आहे रे कंडक्टर," एवढंच म्हणाले आणि दोन्ही चाकांत हवा भरली. बाबांनी डावा हात उचलून त्यांच्या डोक्यावर एक टपली मारली. जोरात मारली.

दुकानातून खुर्ची रस्त्यावर आली, तर समोर ही गर्दी! एकीकडे पूर्ववाले, दुसरीकडे पश्चिमवाले, मध्ये साहेब. "जरा वाट द्या हो," मी म्हटलं. काकांनी दुकानातली सायकलची घंटी वाजवली. कुणी ढिम्म हललं नाही.

बाबांनी मान वर केली. उरलेल्या सगळ्या दमाने ओरडले, "पुढे सरका!"

त्या आवाजाला सगळं गाव वर्षानुवर्षं सरकलेलं. पूर्ववाले सरकले, पश्चिमवाले सरकले, पोलीस स्टूल घेऊन सरकला. आणि आमचे अध्यक्षसाहेब, बोळाच्या प्रश्नावर दीड वर्षात तसूभर न हललेले, मुकाट्याने दोन पावलं बाजूला झाले.