वाक्यातली बारकी पोरं

मार्तंड सरांना मी आवडत नाही आणि मलाही ते आवडत नाहीत. हिशेब बराबर.

आमच्या शाळेत इंग्रजी वाक्य फळ्यावर नाही, पोरांवर लिहितात. एकेकाच्या गळ्यात एकेका शब्दाची पाटी अडकवायची, ओळीत उभं करायचं, झालं वाक्य! उद्या हिंगोलीहून शाळा तपासायला साहेब येणार, म्हणून काल मोठ्या बाईंसमोर, म्हणजे मुख्याध्यापिकांसमोर, तालीम होती. हातात पट्टी घेऊन वाक्य समजावणारी एकच असते, आणि ती मला व्हायचं होतं. इंग्रजीच्या चाचणीत माझ्यापुढं कुणीच नव्हतं, हे सरांनीच वाचून दाखवलेलं.

तरी पट्टी दिली केतकीला. मला फुलस्टॉपची पाटी.

"सर, मी काहून न्हाई?"

"दिपा, तुझ्या जिभेवर अजून तांड्याची बोली आहे. साहेबांपुढे शोभा नको. तू नुसती उभी राहा, टिंबाला बोलावं लागत नाही."

केतकी फिदकन हसली. "टिंब तर टिंब, फोटोत तर येशील की गं!"

"तुझ्याच फोटोला हार घाल," मी म्हटलं.

ओळ लागली : स्वानंद इज गोइंग टू द मार्केट. मी टोकाहून बघितलं अन् डोकंच फिरलं. स्वतःच्याच नावाची पाटी घातलेला स्वानंद, गोइंग, मार्केट ही गावातली पोरं. इज झाला वसराम, टू प्रेमदास, द सेवा, टिंब मी. सगळे बंजाऱ्यांच्या तांड्यावरचे! दर वेळी हेच. भरीव शब्द त्यांना, बारके आम्हाला, आणि आम्ही येड्यासारखे उभे!

"वसराम, प्रेमदास, सेवा, चालो!" मी पाटी टेबलावर आपटली. तिघंही माझ्या मागं दारापर्यंत आले.

"जाऊ दे त्यांना," सर ओरडले. "केतकी, तू सांग."

केतकीनं पट्टी उचलली. "स्वानंद... गोइंग... मार्केट." पुढं तोंडच उघडेना.

"सर, याला वाक्य म्हणायचं?" मोठ्या बाईंनी विचारलं.

"बाई, तिचं पाठ होतं सगळं..."

"पाठ होतं, मग समजावणार काय?" बाई माझ्याकडं वळल्या. "तुला येतं?"

"व्हय बाई. पण पट्टी सरांनी द्यायची."

"फार शेफारलीस," सर दातओठ खात म्हणाले. पट्टी पुढं केली, पण बघितलं खिडकीबाहेर.

मी तिघांना जागेवर उभं केलं. "मराठीत क्रियापद शेवटी बसतं. इंग्रजीत ते करणाऱ्याच्या पाठीला लागून येतं."

"उच्चार बघा हिचे," केतकी पुटपुटली.

मी आवाज चढवला. "आता करणारा बदलू. स्वानंद, टूची पाटी तू घाल. प्रेमदास, ये पहिल्या जागी. मार्केटला तू चालला."

स्वानंद हलेना. सरांकडं बघत राहिला.

"हे ठरलेलं नव्हतं," सर म्हणाले.

"आता मी ठरवून राहिले, सर."