भिंगरीला फासलेला रंग

मी काळ्या रंगाचा डबा बोलतोय. भिंतीचा नव्हे, माणसाच्या अंगाला फासायच्या रंगाचा. झाकणावर माझं नाव झोकात लिहिलंय, 'गडद मध'. मध कसला डोंबलाचा.

कारखान्यात माझ्या शेजारच्या यंत्रातून गोरं करणारी क्रीम निघायची. तिची खोकी थेट दुकानांत जात. मी मात्र मुद्दाम मागवावा लागणारा माल, म्हणून सुरुवातीला मला जरा तोराच होता. काम काय ते कळल्यावर तो उतरला.

गाण्यांच्या व्हिडिओंसाठी मेकअप करणाऱ्या एका ताईंनी मला घेतलं. हात हलका आणि तोंड बंद, अशी त्यांची ख्याती. गाण्यात चोर दाखवायचा असला की माझं झाकण उघडायचं. गुंड असला, मोलकरीण असली, तरी मीच. हिरोईनच्या मागे नाचणाऱ्या रानातल्या बायका असल्या की मग विचारूच नका. हिरोईनच्या वाट्याला मी कधी आलो नाही, पण तिचं तरी काय सुख? कॅमेरा तिच्या कमरेच्या वर सरकायलाच तयार नसे. हिरो तेवढा गळ्यापर्यंत बटणं लावून आरामात उभा. ताई मुकाट्याने रंग लावायच्या. मुली परक्यांच्या होत्या आणि हे त्यांचं पोटापाण्याचं काम होतं.

मग एका शूटिंगला त्यांची स्वतःची लेक आली. नाचताना तिचे पाय ठरायचे नाहीत, म्हणून सगळे तिला भिंगरी म्हणत. आईसारखीच सावळी. घरी आत्या येता-जाता ऐकवायची, "नाच हवा तेवढा, पण हे तोंड पडद्यावर कोण दाखवणार?" भिंगरीला फक्त एकदा, पडद्यावर बोट ठेवून आत्याला सांगायचं होतं, ही बघ मी. नाच बसवणाऱ्या बाईंनी तिला पहिल्या रांगेत घेतलंही होतं. सकाळपासून मायलेकींचे पाय जमिनीवर नव्हते.

बाराजणी रांगेत उभ्या राहिल्या. दिग्दर्शकाने कॅमेऱ्यातून पाहिलं आणि नाक मुरडलं. "ताई, ह्यांना अजून गडद करा. रानटी वाटल्या पाहिजेत, सगळ्या एकसारख्या."

"ही मुळात सावळीच आहे हो. हिला कशाला?" ताई पहिल्यांदाच काहीतरी बोलल्या.

"असं काय करता ताई? हिरोईन हिच्याच शेजारी उभी राहणार. ती उजळ दिसायला नको का?" तो अगदी गोडीत बोलला. तसा माणूस वाईट नव्हता, जेवलात का म्हणून सगळ्यांना विचारायचा.

ताईंनी स्पंज माझ्यात बुडवला आणि हात तसाच राहिला. सगळे खोळंबले होते. शेवटी लेकच म्हणाली, "लाव गं आई. माझ्यामुळे अडलंय सगळ्यांचं."

ताईंनी लावला. कपाळाला, गालांना, हनुवटीला. भिंगरीने डोळे मिटले होते, पण पापण्या ओल्या झाल्या की मला कळतं, कारण मी ओघळतो. ताईंनी ते पुसून पुन्हा सारखं केलं. मला माझीच किळस आली. मग भिंगरी जीव ओतून नाचली. दात दाखव म्हटलं, दाखवले. डोळे वटार म्हटलं, तेही केलं.

गाणं आलं त्या दिवशी आत्या, ताई आणि भिंगरी एका मोबाईलवर डोकी खुपसून बसल्या. मी शेजारीच पेटीत होतो.

"यातली तू कुठली गं?" आत्याने विचारलं. आवाजात कुचकेपणा नव्हता, ती खरंच शोधत होती.

भिंगरीने गाणं मागे नेलं, पुन्हा लावलं. एकीवर बोट ठेवलं, मग उचललं. शेवटी तिने आईकडे पाहिलं. ताईंनी चष्मा लावला. बाराही तोंडं त्यांनीच रंगवलेली. बराच वेळ त्या बघत राहिल्या.

"नाही गं ओळखू येत," त्या म्हणाल्या.

मी अजून अर्धा शिल्लक आहे. माझं एकच मागणं आहे. कुणीतरी माझं झाकण उघडं टाकून विसरून जा, म्हणजे मी वाळून दगड होईन. पण आज पुन्हा शूटिंग आहे आणि भिंगरीही रांगेत आहे. आत्ताच आरशासमोर बसून तिने स्वतःच मला बोटावर घेतलं आणि आईला विचारलं, "एवढा पुरेल ना गं, की अजून लावू?"